समुद्राकडे तोंड असलेल्या घराला सावली कशी निवडायची?

(भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलतानाचे काही अडखळे काढले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय सावली. कोकणात घर असलेले किंवा सध्या बांधत असलेले बरेच जण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "समुद्राच्या बाजूला मोठी खिडकी ठेवली आहे, पण दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. काय लावू?"

मी आर्किटेक्ट नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण हा प्रश्न आमच्याच घरात आला. बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबा दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी कायमचे राहायला गेले. बैठकीची खोली पश्चिमेला. सहा फूट बाय चार फूट खिडकी, पुढे सुरूची झाडं, पलीकडे पाणी. आणि एप्रिल-मेमध्ये तीन ते सहा या वेळात तीच खोली घरातली सगळ्यात गरम खोली. बाबांना बीपी आहे, वय ६६. त्यांनी दुपारी तिथे बसणंच सोडलं. मग मी थोडं गणित केलं, थोडं वाचलं, गावातल्या लोकांना विचारलं. त्यातून जे हाताला लागलं ते आज सांगतो.

आधी सूर्य कुठे असतो ते बघू

दापोली साधारण पावणेअठरा अक्षांशावर येते. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. त्या वेळी छपराला त्रास होतो, खिडकीला नाही. खिडकीचा त्रास नंतर सुरू होतो, सूर्य खाली उतरायला लागला की. मेच्या मध्यावर तिथे दुपारी ४ वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो, ५ वाजता २७ वर आणि ६ वाजता फक्त १३ अंशांवर.

आता दोन फुटांचा छज्जा घ्या, जो आपल्याकडे सगळेच टाकतात. ४ वाजता तो खिडकीच्या वरच्या पावणेदोन फुटांवर सावली देतो. ५ वाजता एक फुटावर. ६ वाजता अर्ध्या फुटावर. चार फूट उंचीची खिडकी ५ वाजता पूर्ण सावलीत हवी असेल तर छज्जा आठ फूट बाहेर काढावा लागेल. ६ वाजता सतरा फूट! म्हणजे पश्चिमेचं ऊन आडव्या गोष्टीने अडत नाही. त्याला उभी गोष्टच लागते. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा मस्त काम करतो, पण समुद्र आपल्याकडे पश्चिमेला आहे, त्याला इलाज नाही.

त्यात पाण्याची भर. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत फेकतं. सूर्य दहा अंशांवर आला की हेच प्रमाण जवळपास एक तृतीयांश होतं. म्हणून संध्याकाळी डोळे दिपतात ते वरून नाही, खालून. तिथे छज्ज्याचा काही संबंधच उरत नाही.

पडदा आत की बाहेर?

बाहेर. हा एकच मुद्दा लक्षात ठेवलात तरी आजचा भाग ऐकल्याचं सार्थक.

पश्चिमेच्या काचेवर मेमध्ये संध्याकाळी पाचला ढोबळमानाने चौरस मीटरला पाचशे वॅट पडतात. आमची खिडकी सव्वादोन चौरस मीटरची. म्हणजे बैठकीत हजार वॅटची इस्त्री कुणीतरी चालू ठेवून विसरलंय, असं समजा. ऊन काचेतून आत आलं की पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि तो पडदा खोलीच्या आत असतो. पडद्याची उष्णता काचेतून सरळ बाहेर जात नाही. पडदा कितीही जाड घेतलात तरी उजेड कमी होतो, गरमी घरातच राहते. तोच पडदा काचेच्या बाहेर असेल तर तापतो बाहेर, आणि त्याची गरमी वारा घेऊन जातो.

मग काचेला फिल्म? एसी लावून खिडक्या बंद ठेवणार असाल तर विचार करा. पण खिडकी उघडली की फिल्म गेली बाजूला. आणि समुद्रावर राहून खिडकी बंद ठेवायची, तर राहायचं कशाला?

ज्या दिशेचं ऊन, त्याच दिशेचा वारा

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. हे खारे वारे दुपारनंतर जोर धरतात, म्हणजे नेमके ऊन खिडकीत यायच्या वेळेला, आणि त्याच पश्चिमेकडून. ऊन अडवायला तुम्ही बाहेरून ताडपत्रीसारखं काही घट्ट लावलंत तर वाराही अडवलात. कोकणातल्या दमट हवेत वारा थांबला की सावलीतही माणूस घामाघूम होतो.

म्हणून जाळीदार, फटी असलेली वस्तू हवी. वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा मोह होतो, नागपुरात ते छान चालतात. पण ते चालतात कोरड्या हवेमुळे. इथे हवाच ओली, पाणी वाळणार कुठे? वास मात्र छान येईल.

हाच वारा जूनमध्ये वेगळा असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट. दहा बाय दहा फुटांचं घट्ट कापड ताशी ४० किलोमीटर वाऱ्यासमोर आडवं आलं तर त्यावर साधारण ७० किलोचा जोर येतो. ताशी १०० किलोमीटरला तोच जोर सव्वाचारशे किलोंच्या पुढे जातो. आता ते कापड तुमच्या भिंतीत चार फास्टनरवर लटकलंय. कापड फाटलं तर स्वस्तात सुटलात. नाही फाटलं तर भिंत सोलून निघते.

आणि हे उगाच घाबरवण्यासाठी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडमध्ये किती घरांचे पत्रे उडाले, किती नारळी-पोफळी आडव्या झाल्या हे तिथल्या कुणालाही विचारा. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. म्हणजे "पाऊस आला की काढू" हे कॅलेंडरही पुरत नाही. वादळ मेमध्येही येतं.

मीठ

गंजाबद्दल सगळे बोलतात, पण खरेदी करताना कापडाचा रंग बघतात, स्क्रू नाही. माझा सल्ला उलटा आहे, आधी स्क्रू बघा. स्टेनलेस स्टील म्हटलं की विषय संपत नाही. ३०४ ग्रेडवर समुद्राजवळ तांबूस डाग येतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त टिकतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

दुसरं म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा स्क्रू, आणि मध्ये खारट ओल. ही एक छोटी बॅटरीच झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. मध्ये नायलॉनचा वॉशर टाकायला सांगा. अगदी किरकोळ वस्तू आहे. आणि कोरड्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने सगळं धुवा. पावसाळ्यात मीठ पाऊसच धुतो, धोका ऑक्टोबर ते मेमध्ये जास्त. वॉरंटीचा कागदही पूर्ण वाचा. बऱ्याच वॉरंट्यांमध्ये किनाऱ्यापासून अमुक अंतराच्या आत वॉरंटी नाही, असं बारीक अक्षरात असतं.

पर्याय एकेक करून

बांबूचे चिक. दिसायला सुंदर, वारा येतो, बाहेर लावता येतात. दमट हवेत काळी बुरशी धरते आणि बांबूच्या आधी दोरी तुटते. एक-दोन मोसमांनी बदलायची तयारी असेल तर वाईट नाहीत.

शेडनेट, म्हणजे नर्सरीवाले वापरतात ती जाळी. ५०, ७५, ९० टक्के अशी मिळते. सगळ्यात स्वस्त. दिसायला यथातथा, हिरवी असेल तर घरात मत्स्यालयात बसल्यासारखं वाटतं. पण प्रोटोटाइप म्हणून बेस्ट! महागडं काही घेण्याआधी एक मे महिना शेडनेट बांधून बघा. किती ऊन अडतं, किती वारा येतो, घरच्यांना चालतं का, सगळं कळतं.

त्रिकोणी शेड सेल. फोटोत भारी. पण ते डोक्यावर असतं आणि आपलं ऊन समोरून येतं. गच्चीवर सकाळी-दुपारी बसायला ठीक, पश्चिमेच्या खिडकीला उपयोग कमी.

बाहेर पसरणारी, हातांवर उभी राहणारी ऑनिंग. वाऱ्यात सगळ्यात नाजूक तीच. त्यात मोटरवाली असेल तर अजून एक प्रश्न. वारा सुटला की कोकणात पहिली जाते ती लाईट. म्हणजे ज्या क्षणी ती गुंडाळायची गरज, त्याच क्षणी मोटर बंद. आमच्या क्षेत्रात अशा डिझाइनला कुणी पास करणार नाही. घ्यायचीच असेल तर हाताने फिरवायचा दांडा सोबत हवाच.

ॲल्युमिनियमच्या फिरत्या पट्ट्या, लूव्हर. ऊन अडतं, वारा येतो, मजबूतही असतात. सगळ्यात महाग, आणि सांध्यांत मीठ बसलं की फिरायच्या बंद.

खाली येणारा जाळीचा रोलर, बाहेरून. कापड प्लास्टिकचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरचं, त्यात बारीक छिद्रं. ३ टक्के, ५ टक्के, १० टक्के असं छिद्रांचं प्रमाण सांगतात. दोन्ही बाजूंना ताणलेली तार असली की फडफडत नाही. इथे एक गंमत आहे, गडद रंगाच्या जाळीतून बाहेरचं स्पष्ट दिसतं, पांढऱ्या जाळीतून धुरकट. जाळी बाहेर असल्यामुळे गडद रंग तापला तरी फारसा त्रास नाही. फक्त खिडकी बाहेर उघडणारी असेल तर रोलर थोडा पुढे, छज्ज्याच्या कडेला लावावा लागतो.

आणि झाडं. नारळ छपराजवळ नको, झावळी आणि नारळ दोन्ही पडतात. उंडी आणि भेंड ही किनाऱ्यावरचीच झाडं, खारा वारा सोसतात. पण सावली मिळायला वर्षं जातात, म्हणून आजच लावा.

शेवटचा पर्याय सगळ्यात जुना. दिवाळीनंतर अंगणात पोफळीच्या खांबांचा मांडव, वर झावळ्या विणून केलेले झाप. पावसाआधी उतरवायचा. आपण त्याला तात्पुरतं म्हणतो, पण तो समजून-उमजून तात्पुरता आहे. ज्या महिन्यांत ऊन आहे त्या महिन्यांत सावली, ज्या महिन्यांत वारा आहे त्या महिन्यांत काहीच नाही. वाऱ्याला पकडायला काही ठेवलंच नाही की तो नेणार काय?

त्याऐवजी पक्की शेड उभारणार असाल तर आधी परवानगीचं बघा. भरतीरेषेजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे नियम लागतात, नवी अधिसूचना २०१९ ची आहे. ग्रामपंचायतीत विचारूनच पुढे जा.

काढणार कोण?

खरा प्रश्न हाच. कोकणातल्या अशा कित्येक घरांत पैसे देणारा मुंबई-पुण्यात असतो आणि राहणारे साठीच्या पुढचे. विकत घेताना आपण आपल्या वयाच्या माणसाचा विचार करतो. वाऱ्याचा इशारा मोबाइलवर आला की शिडीवर चढून क्लिपा सोडणार कोण? बाबा? पावसात?

मी तीन-चार कोटेशन फक्त या एका प्रश्नावर बाजूला ठेवली. आई म्हणाली, "तू इथे असशील तेव्हा सगळं सोपंच आहे रे. तू नसताना काय?" पुढच्या सगळ्या निवडी त्या वाक्याने झाल्या.

आम्ही शेवटी दोन गोष्टी केल्या. खिडकीबाहेर गडद तपकिरी जाळीचा रोलर, दांडा कमरेच्या उंचीवर, घराच्या आतून फिरवता येणारा. बाबा दोन मिनिटांत वर घेतात. आणि अंगणात झापांचा मांडव, तो गावातले दोघं जण मेच्या सुरुवातीलाच एका सकाळीत उतरवतात. ते शेवटचे तीन-चार आठवडे फक्त जाळीवर काढायचे, हे आम्ही ठरवूनच स्वीकारलं. खोली थंडगार झाली का? नाही, मे तो मेच. पण बाबा चार वाजता पेपर घेऊन तिथे बसतात. मला तेवढंच हवं होतं.

तर खरेदीला जाण्याआधी पाच प्रश्न लिहून घ्या. सावली काचेच्या बाहेर आहे का? उभी आहे का? वारा आत येतो का? स्क्रू कुठल्या ग्रेडचे? आणि लाईट नसताना, घरातला सगळ्यात म्हातारा माणूस एकटा ती दहा मिनिटांत गुंडाळू शकतो का? पाचव्याचं उत्तर "नाही" असेल तर पहिल्या चारांची उत्तरं कितीही चांगली असोत, ती वस्तू तुमच्या घरासाठी नाही.

तुमच्याकडे यापेक्षा वेगळी युक्ती असेल, विशेषतः आजी-आजोबांच्या वेळची, तर नक्की कळवा. पुढच्या भागात कौलं आणि पत्रे यावर बोलू. तोपर्यंत पाणी पीत राहा, दुपारी उन्हात फिरू नका. भेटू!