खंजिरी थांबल्यावर

मायबापहो, कापसाची वेचणी आटोपून, घरी दोन घास खाऊन तुम्ही या मुकुटबनात कीर्तनाला येऊन बसलात. दिवसभराचा शीण अंगावर आहे. म्हणून आज लांबची कथा लावत नाही. आपल्याच वऱ्हाडातल्या एका खंजिरीची गोष्ट सांगतो.

खंजिरी ती केवढी? लाकडाचं कडं, एका अंगाला चामडं, कडेला झांजा. पण ती कोणाच्या हातात होती? तुकडोजी महाराजांच्या! 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत, गरिबाच्या घरी जन्मलेलं हे पोर. मूळ नाव माणिक. शाळा थोडकीच झाली. वरखेडच्या आडकोजी महाराजांची कृपा झाली आणि माणिकचा तुकड्या झाला. तोच पुढं राष्ट्रसंत झाला.

महाराज भजन स्वतः रचत, स्वतः गात. भाषा आपल्या घरातली. शिकलेल्याला कळे, अडाण्यालाही कळे. 1942 साली वर्धा नदीपलीकडं चिमूर पेटलं, आणि इंग्रज सरकारनं महाराजांना धरलं. नागपूरच्या, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. आता सांगा, खंजिरीवाल्याचं सरकारला भय काहून वाटावं? त्यांच्याजवळ ना बंदूक, ना तलवार. पण मंडळी, लोक ते भजन ऐकून नुसते डोलत नव्हते, उठून उभे राहत होते. भय त्या उठण्याचं होतं.

महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. 1955 साली ग्रामगीता दिली. त्याच साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी वाजली. ग्रामगीतेत काय आहे? गाव झाडा, व्यसन सोडा, शिवाशिव टाका, बाईमाणसाला मान द्या, गावातच धंदा उभा करा. देव गावातच आहे, त्याची सेवा करा. म्हणजे भजन संपलं की काम सुरू.

आणि इथंच मला माझी चूक तुमच्यासमोर ठेवायची आहे. पुष्कळ वर्षं झाली. याच भागातल्या एका गावी मी कीर्तन केलं. एक शेतकरी रात्रभर टाळ धरून उभा होता. सकाळी मी निघालो तर जवळ आला. म्हणाला, "महाराज, जरा बोलाचं होतं." मला पुढच्या गावची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, "नाम घे बाप्पा, सारं बरं होईल." डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसलो. महिना झाला नाही तोच निरोप आला. कर्जापायी त्यानं स्वतःला संपवलं होतं.

नाम खोटं नव्हतं, मायबापहो. मी घाईत होतो. नामाआड माझी घाई लपवली. तुकडोजी महाराज खंजिरी खाली ठेवून गावात थांबत, मी थांबलो नाही. तेव्हापासून एक नेम धरला आहे. आरती झाली की फेटा उतरवायच्या आधी तासभर ओट्यावर बसतो. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. मला उत्तर येतंच असं नाही, पण ऐकतो.

आता तुमच्याकडं मागणं आहे. मला बिदागी कमी द्या, चालेल. पण घरी जाताना आठवा, आज कोण आलं नाही? कोण चार दिवसांपासून कोणाशी बोललं नाही? त्याच्या दारी जाऊन बसा. आधी पैशाचं विचारू नका, "जेवला का गा?" एवढं विचारा. त्याला एकट्याला सोडू नका, दवाखान्यात नेणं लागलं तर संगं जा. आणि ज्या घरचा माणूस गेला, त्या माउलीला हळदीकुंकवाच्या दिवशी मागं सारू नका. तिला पुढं बसवा. ती तुमचीच लेक आहे.

एवढं ज्या गावात झालं, तिथं विठोबा वेगळा शोधावा लागत नाही. चला, उठा. आरती घेऊ. आणि आरतीनंतर मी ओट्यावर बसलेलोच आहे.