जीर्णोद्धार : दगडांचा आणि गावपणाचा
(कलशारोहण प्रसंगी झालेले भाषण)



चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत गाव वसले की गावदेवताही बसते. कुठे मातामाय, कुठे मारोती, कुठे वाघोबा. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला रानात जाणारा माणूस आधी देवतेपुढे हात जोडतो. वाघाच्या मुलखात हा निव्वळ भाबडेपणा नव्हे. गेलेला माणूस संध्याकाळी सुखरूप परत यावा, ही साऱ्या गावाची काळजी त्यात असते.

देऊळ उभारण्यापेक्षा ते राखणे कठीण. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडादेव हा त्याचा दाखला. तेथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. काठावरची शिल्पसमृद्ध देवळे सुमारे हजार वर्षांची. कनिंगहॅमसाहेबांनी १८७३-७४ च्या दौऱ्यानंतर त्यांची नोंद केली. मुख्य देवळावर वीज पडून मोठी पडझड झाली होती. पुढे गोंड राजवटीत जाड खांब घालून ते सावरले गेले, असे सांगतात. त्या ओबडधोबड खांबांना जुन्या शिल्पांची सर नाही. पण छत त्यांनीच तोलले. अलीकडे पुरातत्त्व खात्याचे दुरुस्तीचे काम बरीच वर्षे रेंगाळले, तरी त्या कारणाने महाशिवरात्रीची यात्रा थांबली नाही. देऊळ दगडांवर उभे राहते, देवस्थान माणसांवर.

म्हणून जीर्णोद्धार म्हणजे नुसती नवी फरशी आणि ऑइलपेंट नव्हे. शेंदराने माखलेला जुना तांदळा नव्या मूर्तीसाठी अडगळीत जाऊ नये. उकरताना निघालेला कोरीव दगड पायरीला वापरू नये. तो कुठे सापडला ते लिहून आवारातच जपावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे देवस्थानाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते व हिशेब तपासून घ्यावे लागतात. पण कायद्यापेक्षाही गावाचा डोळा मोठा. हजार रुपये देणारा आणि एक दिवस रेती वाहणारा, दोघांचीही नोंद वहीत असावी. जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लागावा. पैशावरून फळी पडली, तर कळस चढूनही गाव खचते.

तिसरी गोष्ट दाराची. पूर्वी उघड्यावरच्या देवतेला कोणीही नारळ फोडत असे. आता दार बसले, कुलूप आले. ते कुलूप चोरासाठी असावे, कोणत्याही जातीच्या, वस्तीच्या माणसासाठी नसावे. राखणदार देवता साऱ्या शिवाराची. तिच्या पायरीवर उच्चनीच उरता कामा नये.

एवढे सांभाळले, तर पुढची पिढी म्हणेल, वाडवडिलांनी देऊळही राखले आणि गावही राखले.

बोला, मातामाय की जय!