कायद्याचे वेतन, हातातले वेतन



भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमिक दिन मानला. १९५५ साली संघाची स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांच्या दृष्टीने श्रम ही बाजारातील वस्तू नव्हती. या कसोटीवर आपले कामगार कायदे तपासले पाहिजेत.

किमान वेतन कायदा १९४८ साली झाला. १९८२ मध्ये एशियाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबवून घेणे ही राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच आहे, असा निर्वाळा दिला. तरीही हजेरीपटावर एक रक्कम आणि मजुराच्या हाती दुसरी, हा प्रकार थांबला नाही. ज्याच्या हाती रोजी, त्याच्याच विरुद्ध तक्रार करायची. तीही सहा महिन्यांच्या मुदतीत!

महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्याने निराळा मार्ग धरला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने पैशाची वाटच बदलली. व्यापाऱ्याने मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती हमालाला द्यायची. भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूदही त्याच लेव्हीतून. मंडळावर मालक, कामगार व शासन या तिघांचेही प्रतिनिधी. पुढे माथाडीच्या नावाने खंडणी उकळणारेही निपजले, हे खरे. परंतु तो दोष दंडशक्तीच्या शैथिल्याचा आहे, मूळ योजनेचा नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. पूर्वी किमान वेतन अनुसूचित रोजगारांपुरतेच होते, आता ते सर्वांना लागू आहे. दाव्याची मुदतही तीन वर्षांची झाली. मजदूर संघाने या संहितेचे स्वागतच केले. मात्र निरीक्षक आता मालकाचा मार्गदर्शकही असल्याने त्याची नजर मजुराच्या हातापर्यंत पोहोचेल का, यावर तिचे यश ठरेल.

शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या सभेत सुरक्षारक्षकांचे कंत्राट सर्वांत स्वस्त निविदेला दिले जाते. त्या दरात किमान वेतन, निधी आणि विमा तरी भागतो का? येत्या वार्षिक सभेत प्रत्येक स्वयंसेवकाने उभे राहून एवढा एक हिशेब मागावा आणि आपल्या वाट्याची वाढीव वर्गणी आनंदाने भरावी.