लाटेवर स्वार होणारी फळी



समुद्राची मोठी लाट अंगावर येऊं लागली कीं माणूस एक तर मागें सरतो, नाहीं तर डोकें खालीं घालून ती वरून जाऊं देतो. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांच्या रहिवाशांनीं तिसरा मार्ग काढला. ते फळीवर उभे राहून लाटेवरच आरूढ झाले. या क्रीडेचें कौतुक आपण ऐकलें असेल. परंतु जिच्यावर तिचा सारा भार, ती फळी घडविणाऱ्या कारागिराकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आज त्याच्याविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत.

१७७९ सालीं कॅप्टन कुकच्या सफरीवरील लेफ्टनंट जेम्स किंग यानें केआलाकेकुआ उपसागरांतील हा खेळ पाहून त्याचें वर्णन लिहून ठेविलें. झाडाच्या मुळाशीं कुमू नांवाचा तांबडा मासा अर्पण करावयाचा, दगडी वाकसानें लाकूड तासावयाचें, पोवळ्याच्या खडबडीत दगडानें तें घासावयाचें आणि अखेर तेल चोळावयाचें, असा या कामाचा क्रम जुन्या वृत्तान्तांत आढळतो. सामान्य लोकांची ‘अलाया’ फळी पातळ असे. ती बहुधा कोआच्या किंवा विलायती फणसाच्या लाकडाची. सरदारांची ‘ओलो’ फळी १५–१६ फूट लांब व चांगली जाड. तिला विलिविलीचें हलकें लाकूड पसंत असे. हा विलिविली आपल्या कोंकणांतल्या पांगाऱ्याच्याच कुळांतला वृक्ष होय.

पुढें परदेशी रोगांनीं बेटांवर अनर्थ केला. १८९० च्या शिरगणतींत मूळ हवाई वंशाचे लोक सुमारें ४० हजारच उरले होते. माणसें गेलीं तशी विद्याही गेली. ओलो घडविणारे हात जवळजवळ नाहींसे झाले. ज्या थोड्यांनीं हा खेळ जगविला व जगभर नेला, त्यांत ड्यूक कहानामोकू याचें नांव अग्रभागीं आहे. १९१४–१५ च्या सुमारास सिडनीजवळ फ्रेशवॉटर येथें त्यानें तेथेंच मिळालेल्या पाइनच्या लाकडाची फळी तयार करून लोकांना थक्क केलें. ती फळी तेथें अद्याप जपून ठेविली आहे. टॉम ब्लेक या अमेरिकनानें होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांतील जुन्या फळ्यांचा अभ्यास केला, आणि भरीव लाकडाचें ओझें कमी करण्यासाठीं पोकळ फळी निर्माण केली. १९३५ सालीं त्यानेंच फळीच्या पोटाखालीं माशासारखा पर बसविला. मग बाल्सा लाकूड, कांचतंतूचें कापड व राळेसारखें रासायनिक द्रव्य आलें. आणि १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत होबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनीं फेसासारख्या हलक्या पॉलियुरेथेनचे ठोकळे प्रचारांत आणले.

द्रव्य बदललें, पण कारागिराचें काम बदललें नाहीं. गिऱ्हाईक येतें तेव्हां तो त्याचें वजन, उंची, कसब व त्याच्या किनाऱ्यावरील लाटांचा स्वभाव विचारतो. ठोकळ्याच्या मधोमध लाकडाची पट्टी कण्यासारखी बसविलेली असते. त्यावर सांचा ठेवून तो आकृति आंखतो, करवतीनें कापतो, विजेच्या रंध्यानें वरची कठीण साल काढतो. मग किसणीसारखी कानस आणि काचकागद. पुढचें टोंक किती उचलावें, हा मोठा नाजूक प्रश्न. कमी उचललें तर उभ्या लाटेवरून उतरतांना तें पाण्यांत रुततें. फार उचललें तर वेग मरतो. कड गोल ठेविली तर पाणी तिला बिलगून राहतें. धारदार केली तर तें सुटून जातें. हें तारतम्य सांगणारें कोष्टक थोडकेंच. बाकी सारें हाताला ठाऊक.

कामाच्या खोलीच्या भिंती बहुधा गडद रंगाच्या असतात, आणि दिवे छताऐवजीं बाजूला, फळीच्या उंचीवर लाविलेले असतात. त्या आडव्या प्रकाशांत जरासा उंचवटा असला तरी त्याची सावली पडते. कारागीर ती सावली वाचतो. मग डोळे मिटून दोन्ही कडांवरून एकदम तळवे फिरवितो. डावीउजवीकडील जो फरक दृष्टीला चुकतो, तो हाताला सांपडतो. आणि एकदां खरवडलेलें परत भरतां येत नाहीं! काम मनासारखें झालें म्हणजे तो मधल्या पट्टीवर शिसपेन्सिलीनें मापें व आपली सही लिहितो. वर कांचकापडाचें पारदर्शक कवच चढतें, आणि ती सही फळीबरोबर समुद्रांत जाते.

या धंद्याचें दौर्बल्यही सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील बहुतेक कारागीर एकट्या क्लार्कच्या कारखान्याच्या ठोकळ्यांवर अवलंबून होते. ५ डिसेंबर २००५ रोजीं त्यानें कारखाना एकाएकीं बंद केला, आणि हातांत विद्या असूनही अनेकांपुढें घडविण्यास वस्तूच उरली नाहीं. आतां पुरवठा पुन्हां सुरू आहे. मात्र गणकयंत्रानें चालणारें कापणीयंत्र बहुतेक आकार देऊन टाकतें, व कित्येक कारागिरांच्या वांट्यास केवळ शेवटची घासणी येते.

यंत्राला दोष देण्याचें कारण नाहीं. दिलेला आकार तें हजार वेळां बिनचूक काढील. परंतु तो आकार प्रथम कोणाच्या तरी हातांतून, लाटेनें शिकविल्यावर, जन्मास यावा लागतो. हवाईमध्यें एकदां हात थांबले, तेव्हां संग्रहालयांतील फळी उरली, पण ती अशीच कां, हें सांगणारा उरला नाहीं. ब्लेकला तें लाकूड कोरीत कोरीत नव्यानें शिकावें लागलें. आपल्या गांवच्या सुताराच्या, होडी बांधणाऱ्याच्या किंवा तंबोऱ्याचा भोपळा बसविणाऱ्याच्या बाबतींत तशी वेळ येऊं द्यावयाची कीं नाहीं, याचा विचार श्रोत्यांनीं अवश्य करावा.