खरा वीर कोणास म्हणावे?

(गडब येथील भाषण)



वीराचे चित्र काढा म्हटले की शाळेतील मुले घोडा, तलवार व गड काढतात. दोष मुलांचा नाही; आम्ही शिक्षकांनीच त्यांस दुसरा वीर दाखविला नाही. तो पाहण्यास लांब जावयास नको. आपल्या खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यात चरी गाव आहे.

त्या मुलखात खोती होती. घाम कुळाचा आणि भात खोताचे! ता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीस सभा भरली. नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी ठरविले की, खोताची जमीन पिकवावयाची नाही. पंचवीस गावांनी धरलेला हा संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली. भात पिकविणाऱ्यांनी मोळ्या विकल्या, खाडीतली मासळी धरली, पण नांगर धरला नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस आले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १९३९ साली कूळ कायदा झाला.

यांचे गुण कोणते? पहिला धीर. रणातला धीर घटकाभराचा. यांचा धीर रोज सकाळी रिकाम्या चुलीपुढे लागे, आणि तो घरच्या बाईला सर्वांआधी लागे. दुसरा गुण एकी. बाहेरकाठा फुटला तर एकट्याच्या चिखलाने तो बुजत नाही, हे आपणां खारेपाटकरांस कोणी सांगावे? एकाने गुपचूप खोताकडे जाऊन शेत मागितले असते, तर साऱ्यांची उपासमार फुकट गेली असती. तिसरा गुण निःस्वार्थ. कायदा झाला तो संपकऱ्यांपुरता नव्हे. ज्यांनी एक दिवसही उपास काढला नाही, त्या कुळांसही त्याचा लाभ झाला.

कोणी म्हणेल, वीर तो पुढारीच. पुढारी हवा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच्या शब्दास घराघरांतून होकार मिळाला नसता, तर तो शब्द सभेतच विरला असता. नारायण नागूंचे नाव राहिले, ते राहावेच. मोळी वाहणाऱ्या त्या बायांची नावे मात्र किती जणांस ठाऊक आहेत?

म्हणून आमची एकच विनंती. चरीकडे आपले सोयरे असतील, त्यांच्या म्हाताऱ्या माणसांपाशी मुलांस वही घेऊन बसवा. आजा-आजीकडून ऐकलेली नावे लिहून घ्या. ती माणसे गेली की नावेही जातील. मग मुले घोडा व तलवारच काढीत राहतील.