माशाचे तेल आणि विड्याचे पान

बंगळूरच्या उत्तरेला हेब्बाळ नावाचा भाग आहे. तेथे तलाव आहे, शेतीच्या संशोधनाची जुनी आवारे आहेत, पण समुद्र मात्र तीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने माशाच्या तेलाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु 1964 साली ज्या कृषिविद्यापीठाची येथे स्थापना झाली, त्याच्याच छत्राखाली 1969 साली मंगळूरला देशातले पहिले मत्स्य महाविद्यालय उघडले. पुढे ते दुसऱ्या विद्यापीठाकडे गेले, ही गोष्ट वेगळी. सांगायचे इतकेच की, कोळ्याच्या जाळ्यातली तारली आणि या पठारावरची प्रयोगशाळा यांचे नाते फार जुने आहे.

तारली हा गरिबाचा मासा. पावसाळा सरत आला की तो विलक्षण चरबीदार होतो. पाण्यात उकळून दाबला की तेल वर तरंगते, आणि हे तेल कोकणापासून मलबारापर्यंत पिढ्यान् पिढ्या लाकडी होड्यांना लावण्यात येत असे. जे तेल होडीला लावायचे तेच पोटात घेण्यासाठी आज कुपीत भरून विकतात, यात विनोद वाटला तरी विसंगती नाही. या तेलातील मेदाम्लांना हवेतल्या प्राणवायूचे फार आकर्षण. लाकडावर पसरले की प्राणवायू शोषून ते घट्ट होते, लाकडाचे रक्षण करते. रंगात घालण्याच्या जवसाच्या तेलाचाही गुण तोच. मात्र जो गुण होडीच्या फळीवर उपकारक, तोच बाटलीत अपकारक ठरतो, आणि आपण त्याला खवटपणा म्हणतो.

खवट खोबरे कोणाला ठाऊक नाही? पण खोबरे खवटायला महिने लागतात, माशाचे तेल उघडे राहिले तर काही दिवसांत बिघडते. याचे कारण त्याच्या घडणीत आहे. शेंगदाण्याच्या तेलातील मेदाम्लांत एक किंवा दोन द्विबंध असतात. माशाच्या तेलात ज्या दोन मेदाम्लांची थोरवी डॉक्टर सांगतात, त्यांपैकी एकात पाच आणि दुसऱ्यात सहा. दोन द्विबंधांच्या मध्ये जो हायड्रोजन असतो तो सैल असतो. उष्णतेने, उजेडाने किंवा तांबे-लोखंडाच्या अंशाने तो एकदा सुटला की त्या जागी प्राणवायू चिकटतो, आणि तो रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. गावात एका घराला लागलेली आग वाऱ्याने पुढच्या छपरावर जावी, तशी ही परंपरा चालते.

हे केवळ चवीपुरते असते तर त्यासाठी आकाशवाणीचा वेळ घेतला नसता. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड माशाच्या तेलाची आयात अडली, तेव्हा मुंबई, मद्रास आणि त्रावणकोर येथे मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. अशक्त मुलांना ते अ-जीवनसत्त्वासाठी देत. खवटपणाने नेमके हेच जीवनसत्त्व नाश पावते. म्हणजे आईने मुलाला नाक दाबून चमचा पाजावा आणि त्यात घाणेरड्या वासावाचून काहीच उरलेले नसावे! कृत्रिम अ-जीवनसत्त्व आल्यावर तो उद्योग मागे पडला. प्रश्न मात्र राहिला. कोंबड्यांच्या खाद्यात खवट तेल गेले तर ई-जीवनसत्त्व नष्ट होऊन पिलांचा मेंदू बिघडतो, ती मान वाकडी करून लडखडू लागतात, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीच झालेला आहे. लोणी कढविताना त्यात विड्याचे पान टाकण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती. पानाचा वास तुपाला लागतो म्हणून, असे आजी सांगत; पण त्या पानातील फिनॉल जातीची द्रव्ये तुपाचा टिकाऊपणाही वाढवितात. ही द्रव्ये आपला हायड्रोजन त्या पेटलेल्या रेणूला देऊन टाकतात आणि स्वतः शांत राहतात. आग तिथेच थांबते. हळदीतील कर्क्युमिन, लवंगेतील युजेनॉल, रोझमेरीच्या पाल्यातील कार्नोसिक आम्ल आणि सोयाबीनच्या तेलातून मिळणारी टोकोफेरॉल, सर्वांचे काम हेच.

मात्र जे तुपाला साधते ते माशाच्या तेलाला जसेच्या तसे साधत नाही. हळदीने तेल पिवळे होते, शिवाय कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. चहाच्या पानातील कॅटेचिन पाण्यात विरघळतात, तेलात नीट मिसळत नाहीत. टोकोफेरॉल प्रमाणाबाहेर घातले तर रक्षकच भक्षक होतो, खवटपणा उलट वाढतो. म्हणून कारखान्यांत टोकोफेरॉल, रोझमेरीचा अर्क आणि तेलात विरघळणारे क-जीवनसत्त्वाचे रूप यांची जोडी जमवितात. ‘नैसर्गिक’ हा शब्द वेष्टनावर छापला की काम झाले, अशी समजूत असणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

त्याहून मोठी अट वेळेची आहे. रक्षक द्रव्य तेल काढल्याबरोबर पडले पाहिजे. बिघडलेले तेल त्याने सुधारत नाही. दोन दिवस बर्फावाचून पडलेल्या तारलीचे तेल काढून त्यात कितीही उत्तम अर्क ओतला तरी तो पैसा वायाच गेला. येथे प्रश्न रसायनशास्त्राचा न राहता बंदरावरच्या बर्फाचा आणि रस्त्याचा होतो, आणि तो आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसांच्या अंगणात येऊन पडतो.

परीक्षेचेही असेच आहे. 2017 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे माशाच्या तेलाचा पेरॉक्साइड अंक साधारणतः 5 च्या वर जाऊ नये. पण हा अंक आधी चढतो आणि मग पेरॉक्साइड फुटू लागले की उतरतो! तेव्हा पार नासलेले तेलही या एका कसोटीवर सज्जन ठरू शकते. म्हणून अॅनिसिडीन अंक नावाची दुसरी कसोटी जोडावी लागते. एकच रकाना भरून दाखला देणाऱ्या निरीक्षकाला फसविणे यामुळे किती सोपे आहे, ते सांगायला नको.

घरी एवढे करता येईल. तेल काळसर काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरलेले, थंड जागी ठेवावे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात किंवा गंजक्या डब्यात ते चुकूनही ओतू नये. आणि कुप्या घेत असाल तर महिन्यातून एखादी फोडून हुंगावी. ताज्या तेलाला सौम्य माशाचा वास असतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर उरलेल्या कुप्या टाकून द्याव्यात, मग त्यांवर लिंबाचा स्वाद कितीही चढविलेला असो.