आजीचें घर आणि शाळेची वाट



पटकीसारखी सांथ आली म्हणजे ती प्रथम अशक्तांना गांठते. म्हातारीं माणसें आणि लहान मुलें तिच्या भक्ष्यस्थानीं पडतात. एड्सची रीत याच्या उलट आहे. तो घरांतील कर्त्या माणसावर झडप घालतो, आणि पति-पत्नींपैकीं एकाकडून दुसऱ्यास जडत असल्यानें पुष्कळदां दोघांनाहि नेतो. मागें उरतात तीं आजी आणि नातवंडें. आफ्रिकेंत सहाराच्या दक्षिणेस या रोगानें आईबापांपैकीं एक किंवा दोघेहि गमावलेलीं मुलें 2003 सालच्या अखेरीस सुमारें 1 कोटी 20 लक्ष होतीं.

अनाथपण मृत्यूच्या दिवशीं येतें, असें आपण समजतों. या मुलांच्या बाबतींत तें पुष्कळ आधीं येतें. बापानें अंथरूण धरलें कीं मिळकत थांबते, औषधापायीं गाय विकली जाते, आणि थोरली मुलगी शाळा सोडून आजाऱ्याच्या उशाशीं बसते. बाप जातो तेव्हां तिचें शिक्षण आधींच संपलेलें असतें. पुढें भाऊबंद जमीन बळकावूं लागले, तर त्यांच्याशीं भांडावयास घरांत कोणी जाणतें उरलेलें नसतें. आपण कोणाचीं, कोठलीं, हेंहि मुलें विसरून जातील या भीतीनें युगांडांतील रोगग्रस्त माता 1990 ते 2000 या दशकांत मुलांसाठीं 'स्मृतिवह्या' लिहूं लागल्या. कुळाची हकीकत, नातलगांचीं नांवें, मुलाच्या बाळपणींच्या आठवणी असें सर्व त्यांत त्यांनीं नोंदून ठेवलें.

अशा मुलांसाठीं आश्रम काढावेत, ही कल्पना प्रथमदर्शनीं मनास पटते. परंतु टांझानियाच्या कागेरा प्रांतांत हिशेब केला असतां असें दिसून आलें कीं, आश्रमांत एका मुलामागें येणारा खर्च कुटुंबांत ठेवलेल्या मुलाच्या खर्चाच्या सुमारें सहापट असतो. शिवाय आश्रमांत अन्न मिळेल. भावंडें, घरची बोली आणि वडिलांच्या शेताची वाट तेथें मिळत नाहीं. आपल्याकडे आजीचें घर म्हणजे सुटींतले चार दिवस. तेथें लक्षावधि मुलांना तेंच कायमचें घर झालें. तेव्हां मदत द्यावयाची ती त्या आजीच्या हातीं दिली पाहिजे.

केनियानें हा मार्ग धरला. 2004 सालीं 500 कुटुंबांपासून आरंभ करून, अनाथ मुलें सांभाळणाऱ्या गरीब घरांना तेथील सरकार नियमित रोख रक्कम देऊं लागलें. त्याच्या आदल्या वर्षीं सरकारी प्राथमिक शाळांची फी बंद झाली होती. युगांडानें हें पाऊल 1997 सालींच टाकलें होतें. फी गेली, तरी गणवेश, वही आणि पेन्सिल यांना पैसे पडतातच. आणि गणवेश नाहीं म्हणून मुलगी लाजेनें घरीं राहिली, तर फुकट शाळेचा तिला उपयोग काय? रोख रकमेचें महत्त्व येथें आहे. दानाच्या वस्तु दात्याच्या सोयीनें येतात. घरांत आज मीठ हवें कीं वही, हें आजीलाच ठाऊक असतें.

या सर्वांहून मोठें कार्य एकच: मूल अनाथच होऊं न देणें. तीन औषधांचा जो उपचार रोग्यास वर्षानुवर्षें जगवतो, त्यास पूर्वीं वर्षाला 10,000 डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येई. 2001 सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तो 350 डॉलरांत देऊं केला, आणि पुढें किंमत आणखी उतरली. आज लक्षावधि आफ्रिकन आईबाप या गोळ्यांच्या आधारानें काम करीत आहेत आणि मुलांना शाळेंत धाडीत आहेत.

परंतु या गोळ्यांचा पुष्कळसा पैसा परदेशांतून येतो. 2025 सालीं अमेरिकेनें परराष्ट्रांच्या मदतींत मोठी कपात केली, तेव्हां जुनी चिंता पुन्हां उभी राहिली. गोळ्यांत खंड पडला, तर थोरली मुलगी पुन्हां वही मिटून उशाशीं बसेल. आणि तिची आजी आतां पूर्वींहून अधिक थकलेली असेल.